वडशाचा खराद

आरामशीन बंद पडून चार वर्षं झाली,
भुशाचा वास मात्र अजून कामावर येतो.
पर्बताबाईंनी ताडपत्री ओढली
आणि दिसलं ते धूड:
साडेआठ फूट बेड, ओतीव लोखंड, चौदा क्विंटल,
कुठल्याशा लिलावातून आलेलं,
अंगावर पुसट आकडे, पुलीमागं पालीची दोन अंडी.

मी तोंड बंद ठेवलं.
बैल असो की मशीन,
घेणाऱ्यानं डोळे मोठे करू नयेत, बाबा म्हणायचे.
अंगठ्याच्या नखानं बेड चाचपला.
डोक्याकडं झिजलाय, नख अडकतं.
शेपटाकडं कोरा,
म्हणजे लांब काम यानं पाहिलंच नाही.
पुली हातानं फिरवली. बेअरिंग खरखरलं.
परत फिरवली, जरा कमी बोललं.
ग्रीस मागतंय की मरतंय, कानाला कळेना.
स्पिंडलला जवसाच्या दाण्याएवढा ढील.
लाटण्याला चालतो तेवढा.
सात फुटी खांबाला नाही.

दोन टोकं समोरासमोर आणून बघायची होती,
पण मध्ये लाकूड होतं.
पलंगाचा पाय, सागाचा,
तीन मणी उतरलेले, चौथ्याच्या आधी
पेन्सिलची गोल रेघ,
आणि पुढं नुसता चौकोन, साल सुद्धा एका कडेला.

‘हा काढून पाहू का?’
‘नाई. सकारी चढवला त्यायनं,
दुपारी दवाखान्यात नेलं.
घ्याल तर त्याच्यासकट घ्या.
घरी नेऊन काय करायचं ते करा,
माह्यासमोर नोको.’

मागच्या खोलीत पलंग दिसत होता:
तीन पाय, चौथ्या कोपऱ्याला विटा,
विटांवर पुठ्ठा, नीट कापलेला.

पासष्ट सांगितले. मी पालीची अंडी बघत राहिलो.
तिनंच साठ केले
आणि स्वतःवरच चिडून चहा ठेवायला गेली.

तळोधीला परतताना गाडीवर हिशोब:
जंगलाकडच्या रिसॉर्टवाल्याला चाळीस खांब हवेत.
इसार ‘पुढच्या आठवड्यात’,
हा आठवडा त्याचा तिसऱ्यांदा चाललाय.
एक्केचाळिसावा खांब कोणाचा, तो त्यालाही ठाऊक नाही.
थ्री-फेजचं मडावी लाइनमन म्हणतो, होईल,
कधी ते म्हणत नाही.
हायड्राचे साडेचार हजार, टेम्पो वेगळा.
आणि माझी जुनी,
बाबांनी बाभळीच्या सांगाड्यावर बसवलेली,
मी लहानपणी दोरी ओढायचो तीच,
आता अर्ध्या हॉर्सपॉवरवर खोकत
तान्ह्या पोळ्याच्या नंदीची चाकं काढते,
दर साली चार हजार, एकीसारखी दुसरी.
तिनं कधी नाही म्हटलं नाही.
म्हणून तर पंचावन्नाव्या वर्षी
माझा हात चार फुटांपलीकडं गेला नाही.

चाकणहून पोराचा फोन:
बाबा, आता हे सगळं कॉम्प्युटर करतो.
करत असेल.
लाकडातली गाठ त्याला आधी ऐकू येते का,
विचारलं, तर रेंज गेली.

दार सुतळीनं मोजलं: दोन फूट अकरा इंच.
मशीन तीन फूट चार.
भिंत फोडावी लागेल, ती पण तुळशीकडची.
कौतिकाला सांगितलं सगळं, विटांसकट.
ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.
‘त्या बाईचं नाव काय म्हणाले?’ एवढंच.

रात्री कधीतरी घासत गेल्याचा आवाज आला.
सकाळी पाहतो तर धानाची कोठी
तुळशीकडच्या भिंतीपासून हातभर सरकलेली,
मागं जाळी, एक हरवलेली झारी,
आणि ती चुलीशी, काही न झाल्यासारखी.

मी विचारलं नाही.
साठ जमतात की नाही, अजून माहीत नाही.
बेअरिंग मरतंय की मागतंय, तेही नाही.
एवढं माहीत आहे:
पेन्सिलच्या त्या रेघेवर
अर्ध्या इंचाची गोलची लागेल,
हात थोडा खाली धरून,
आणि श्वास आधी सोडून.