चौथी गोष्ट

डॉक्टरांनी कागदावर दोनच शब्द लिहिले : ऊब. कोरडी हवा.
तिसरा मी घातला, त्यांच्याच पेनानं : झाडं.
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
आमच्या फॅरो बेटांवर झाडं म्हणजे
चर्चच्या भिंतीआड सात-आठ,
वाऱ्याला पाठ देऊन वाकलेली,
मेंढ्यांपासून तारेनं राखलेली.
बाकी गवत, दगड आणि ओल.

ओल घरात यायची ती पाहुण्यासारखी नाही,
घरजावयासारखी.
पावाला बुरशी, लग्नाच्या फोटोला बुरशी,
आणि योग्वानच्या छातीत रात्रभर
कोणी ओला दोर ओढतंय असा आवाज.

दोन वर्षं शोधलं.
एका गावी ऊन भरपूर, सावलीला विजेचे खांब.
एका गावी पाइनचं रान थेट खिडकीपर्यंत,
आणि घरमालकीण म्हणाली,
"पाऊस काही फार नाही हो. सप्टेंबर ते मे."
एका जागी सगळं होतं, पण उन्हाळ्यापुरतं.
नंतर दुकान बंद, बस बंद,
विहिरीच्या झाकणावर एक मांजर, तेवढीच वस्ती.
आम्हाला बारा महिने हवे होते.
बाराही. फेब्रुवारीसकट.

मग हे सापडलं. आलेन्तेजूत,
समुद्राचा वाससुद्धा येणार नाही इतकं आत.
बुचाचे ओक, एकमेकांपासून अंतर राखून उभे.
बुंधे सोललेले, विटकरी लाल,
वर फांद्यांवर करडी साल तशीच :
कोट अंगात, विजार गायब.
आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एक आकडा.

"घरांचे नंबर असतील," योग्वान म्हणाला.
शेजारची दियोलिंदा इतकी हसली
की तिला कुंपणाला धरावं लागलं.
ज्या साली साल काढली, ते साल.
पुन्हा नऊ वर्षं हात लावायचा नाही.
आमच्या दाराजवळच्या झाडावर तीन.
म्हणजे आता बत्तीस साली.
मी मनात हिशोब केला : मी एक्याऐंशी, तो चौऱ्याऐंशी.
बोलले नाही.
दियोलिंदानंही केला असणार. तीही बोलली नाही.

ऑगस्टात ती दारात येऊन म्हणाली,
"ऊब मागितलीत, कोरडं मागितलंत, रान मागितलंत.
तिन्ही एका जागी ठेवली
की चौथी न बोलावता येते."
आणि एप्रनच्या खिशातली काडेपेटी हलवून दाखवली.

त्याच आठवड्यात पलीकडच्या टेकडीवर
रात्री एक लाल रेघ दिसली.
कोणी शिवण उसवत जावी तशी सरकत होती.
आम्ही बॅग भरली : औषधं, पासपोर्ट,
तो बुरशी आलेला फोटो.
दियोलिंदा मात्र कंदील टांगून
घराभोवतीचं वाळलं गवत खुरपत होती.
जुनी साल जाड असते, तिनं सांगितलं, आतलं वाचवते.
नुकत्या सोललेल्यांचं काही खरं नाही.
मी दाराजवळच्या तिनाकडे पाहिलं,
आणि खुरपं मागितलं.

पहाटे वारा फिरला. एवढंच झालं.
बॅग अजून दाराशी आहे. त्यातून औषधं तेवढी काढली.

योग्वानला झाडं आवडत नाहीत, हे मला इथे येऊन कळलं.
पन्नास वर्षं मासेमारी केलेला माणूस,
हवा कुठून येतेय ते मैलभर आधी दिसायची सवय,
आणि इथे आभाळ फांद्यांमधून तुकड्यातुकड्यांनी.
म्हणून रोज संध्याकाळी तो टेकडी चढतो,
थांबत थांबत, पण चढतो,
आणि क्षितिजाकडे बघत बसतो.
आता गावात धूर आधी त्याला दिसतो.
कॅफेत त्याच्या कॉफीचे पैसे घेत नाहीत.
भाषा येत नाही त्याला. बोटानं दिशा दाखवतो.

रात्री मलाच झोप नाही.
दोर ओढायचा आवाज थांबलाय,
आणि त्या शांततेनं मी दचकून उठते.
अंधारात त्याच्या छातीवर हात ठेवते.
ऊबदार. कोरडी.
वर-खाली होतेय.