उघड्या मानेची

नीलम नगरच्या गच्चीवर मी ब्रह्मा आणली. जोडी.
अकरा हजार, वर रेल्वे पार्सलचे वेगळे.
डब्याला भोकं होती, एका भोकात
कोइमतूरपासून जागा असलेला एक डोळा.
पायांत पिसांची तुमान.
चालायची तर मांडवातल्या जावयासारखी,
एकेक पाऊल मोजून.
गल्ली जमली. कांडीवाला दस्तगीर म्हणाला,
अण्णा, ही कोंबडी आहे का गादी?

मी खूश होतो. खोटं कशाला बोलू.
बावीस वर्षं तोच चौकडा विणलेल्या माणसाला
घरात एखादी नक्षी हवी असते
जी त्यानं स्वतः विणलेली नाही.
सोबत कागद होता, शिक्क्याचा,
त्यावर कोंबड्याच्या आज्याचं नाव.
माझ्या आज्याचं नाव
मला रेशनकार्डावरून काढावं लागतं.

एप्रिलात पारा त्रेचाळीसवर गेला.
पिंजऱ्यावर ओली चादर टाकली, आमचीच, डागी मालातली.
कूलर लावला. बर्फाची लादी.
कलावती जिन्यात उभी राहून म्हणाली,
माझ्या दोन बाळंतपणांत कुठं होता हा कूलर?
कोंबडा तरी गेला.
दुपारी तीनला, चोच वासून,
खाली माग चालू होते म्हणून
त्याचा शेवटचा आवाज कुणी ऐकला नाही.

कोंबडी राहिली आणि खुडूक बसली.
पोटाखाली काही नाही,
दोन रिकाम्या कांड्या ओढून घेतलेल्या,
त्याच उबवत होती.
हात घातला की फुगायची.

मग मी वळसंगला गेलो, मल्लव्वाकडे.
भर उन्हात तिच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या,
माना उघड्या, तांबड्यालाल,
कुणीतरी सोलायला घेतल्या आणि
पाहुणे आले म्हणून सोडून दिल्या तशा.
एकही धापत नव्हती.
जात कुठली, मी विचारलं.
आमचीच की, ती म्हणाली.
गिऱ्हाईक घेत नाही, म्हणतं रोग झालाय.
पोरानं कंपनीची पांढरी पिल्लं आणलीत, पाचशे,
ती पत्र्याखाली, पंख्यात.
ह्यांच्यातला कोंबडा एकच उरला होता
आणि तो रविवारी अक्कलकोट रोडच्या ढाब्यावर जायचा होता.
मी हजार म्हटलं.
चारशेत शब्द दिलाय, ती म्हणाली,
आणि ज्वारीच्या भुसकटात नऊ अंडी बांधून दिली.
पैसे घेताना मात्र मोजून घेतले.

एसटीत पिशवी मांडीवर.
आमच्या घरात म्हणतात कोडी, तिच्या घरात कोळी,
कंडक्टरनं विचारलं, कोंबडीची का?
अंडी गप्प होती.
तांदूळवाडीच्या खड्ड्यात मी श्वास धरला
जसा पोरीच्या दहावीच्या निकालाला धरला होता.

एकवीस दिवस ब्रह्मा उठली नाही.
तीन फुटली. सहा नासली, ती कलावतीनं
नाकाला पदर लावून लिंबाखाली पुरली.
तिघांत दोघांच्या माना झाकलेल्या.
एकाची उघडी.
दस्तगीर म्हणाला, हे तुझ्यावर गेलंय.
कोंबडा का तलंग,
दोन महिने तरी कळायचं नाही,
आणि कळलं तरी एकट्यानं वंश चालत नाही.
मल्लव्वाच्या पोराला फोन लावतो,
रविवार कसा गेला विचारायला.
वाजतो. उचलत नाही.

कोइमतूरवाल्याचा निरोप आलाय,
नवा कोंबडा, सहा हजार, फोटोसकट.
मी अजून नाही म्हटलेलं नाही.
फोटो दिवसातून तीनदा उघडतो.

दुपारी ब्रह्मा ओल्या चादरीच्या सावलीत बसते,
तुमानीखाली दोन पिल्लं घेऊन,
आणि तिसऱ्याला हाका मारत राहते.
ते गच्चीच्या तापलेल्या फरशीवर,
नखाएवढी मान वर करून,
माझ्या चपलेवरचा चादरीचा धागा
ओढतंय.