स्वच्छ हवेचा सातवा

उंदीर तोंडाने श्वास घेत नाही.
हे मला पहिल्याच आठवड्यात डॉक्टर शेलिगांनी सांगितलं,
रिब्निकच्या या तळघरात, नोव्हेंबर होता,
आणि मी स्वतः तेव्हा तोंडाने श्वास घेत होते,
सर्दीमुळे.
जे यायचं ते नाकानेच. दुसरं दार नाही.

काचेच्या पेट्या दोन.
डावीत धूर: आमच्याच शेगडीतला, आमच्याच कोळशाचा,
मोजूनमापून, दिवसाचे सहा तास.
शनिवार-रविवार सुट्टी.
गावाला ती नाही. रविवारी तर घरोघर जेवणं,
शेजारच्या पेलागियाबाई जुने बूटसुद्धा सारतात आत.
उजवीत स्वच्छ हवा, तीन गाळण्यांतून आलेली.
त्या पेटीतले बारा जण म्हणजे
अख्ख्या रिब्निकमधले सर्वांत नशीबवान रहिवासी,
असं आम्ही म्हणायचो
आणि हसायचो, आणि मग खोकायचो.

नव्वदाव्या दिवशी दोन्ही पेट्या सारख्याच.
त्याबद्दल मी लिहीत नाही.
एवढंच, की आधी हात चोळून ऊन करून घ्यायचे.
गार हातांनी धरलेलं त्यांना आवडत नाही.

मग माझं खरं काम.
मेणात बसवलेली फुप्फुसं, त्यांचे काप
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
कोमट पाण्यावर सोडायचे
आणि सुरकुती पडू न देता काचपट्टीवर उचलायचे.

निरोगी श्वासनळी मायक्रोस्कोपखाली
वाऱ्यातल्या शेतासारखी दिसते, असं पुस्तकात आहे.
मला ती आईच्या कपड्यांच्या ब्रशसारखी दिसते.
बाबा खाणीतून आले की ती दारातच त्यांचा कोट झाडायची.
दाट, एका अंगाला झुकलेले केस.
आज आत आलेलं आजच बाहेर.

डाव्या पेटीतल्यांचा ब्रश झडला होता.
जागोजाग टक्कल, आणि टकलावर
घाईघाईने भरती केलेल्या चपट्या पेशी,
ज्यांना झाडता येत नाही, नुसतं आडवं पडता येतं.
चिकटा करणाऱ्या पेशी मात्र तिप्पट,
निळ्या रंगात टच्च फुगलेल्या:
आग विझवायला पाणी ओतत राहावं
आणि घरच बुडावं, तसं.
आणि खोल, जिथे नळी संपते नि फुगे सुरू होतात,
त्या उंबरठ्यावर सफाईवाल्या पेशी,
पोटात काळे ठिपके घेऊन,
गिळलेलं पचत नाही, टाकवत नाही,
पाळी संपली तरी घरी न गेलेल्या.

बाबांचा एक्स-रे मी सोळाव्या वर्षी पाहिला.
खिडकीशी धरून ते म्हणाले,
बघ टेक्ला, बर्फ पडतोय माझ्यात.

उजव्या पेटीची सातवी पट्टी.
तिथे काहीच नसायला हवं होतं.
मी जाऊन कॉफी पिऊन आले. चष्मा पुसला.
ठिपके. थोडेच. पण तेच.
आठवीत नव्हते. अकरावीत होते.

डॉक्टर शेलिगा बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले,
मग उठून स्टूलवर चढले, गाळण्या उघडल्या.
तिसरी जानेवारीत बदलायची होती.
बिल वरच्या मजल्यावर सहीसाठी पडून होतं.
तोवर गाव हळूच आत येऊन बसलं होतं,
कुणाला न विचारता,
जसं ते सगळीकडेच बसतं.

प्रयोग रद्द. अहवालात एक ओळ, टाइप मीच केली:
तुलनेसाठी स्वच्छ हवा उपलब्ध झाली नाही.

संध्याकाळी बसथांब्यावर दिव्याभोवती पिवळं काहीतरी.
मफलरमध्ये नाक खुपसलं.
पेलागियाबाई भेटल्या, म्हणाल्या, आज पारा उणे बारा.
मी म्हटलं, हो, ऐकलं.

घरी शेगडी विझत आली होती.
तिच्यासमोर थोडी उभी राहिले, कोटासकट,
हात चोळले.
मग कोळशाची बादली उचलली.