ब्रेक नको

मिनिनची धाकटी ज्युवेला तीन संध्याकाळी सलग आली.
गल्ल्यावर साडेसातशेची मोड, आणि हवीत चाकं. दोनच.
एकशेदहाची घे, मी म्हटलं, मोठं चाक खडी गिळतं.
शंभरचं हवेत हलकं, ती म्हणाली.
हवेत!
बावीस वर्षं टिप्परांची चाकं चढवली या कुडचड्यात,
एकही हवेत गेलं नाही.

कड नखानं दाबून पाहते. मऊ नको, चिकटतं.
मग बोटावर फिरवून कानाशी नेते.
बेअरिंग बोलतं म्हणे.
मीही कान लावला :
बारीक, कोरडं, लांबत जाणारं काहीतरी,
आणि दोघंही थांबलो ते थांबेपर्यंत.

जेटीवरच्या ज्या उतारावरून खनिज बार्जमध्ये पडायचं
तिथून आता ही पडते.
गुडघ्यांना अजून तीच तांबडी माती.
बाप घरी. टिप्पर विकला, चावी ठेवलीय.

क्लॅम्पचे बोल्ट मी आवळले, समोरासमोरचे,
टिप्परला आवळायचो तसेच.
तिनं मागची ब्रेकची पट्टी काढून माझ्या हातात दिली.
वाजते, म्हणाली. नको.

खिळ्याला लावून ठेवलीय.
पैसे धरले नाहीत तिचे.