हातचा

दूरस्थ म्हणायचं याला,
पण दोघांमधली वायर साडेतीन हातांची.
इकडे लॅपटॉप, तिकडे मीच एकेक डाग देऊन जोडलेलं
जुन्या घाटणीचं आठ बिटांचं मशीन,
कीबोर्डच्याच पोटात सगळं, चहाच्या ट्रेएवढं.
हरभट रोडवरचं दुकान बंद,
शटर आतून ओढून घेतलंय.

मामाची कॅसेट उतरायला अकरा मिनिटं लागली.
दोनदा अडखळली, किर्र करून पुन्हा पहिल्यापासून.
लेबलवर बॉलपेनने: हळद जावक, ८७.

डीबगरच्या आज्ञा मी मराठीत करून घेतल्यात, एकेका अक्षराच्या.
थ म्हणजे थांब.
थांबतो. पाय उचललेला,
अजून न टेकवलेला, असा.
विचारलं की सांगतो कुठे उभा आहे,
कुठल्या घरात किती,
सगळं सोळाच्या हिशेबात.
मामाला ते कधी जड गेलं नाही.
त्याच्या बापाने आण्यांत दुकान चालवलेलं:
सोळा झाले की रुपया, विषय संपला.

यार्डात म्हणे रुमालाखाली सौदे व्हायचे,
बोटं धरून, दाबून, तोंडाने चकार शब्द नाही.
मीही तसाच हात घातलाय आत,
चाचपतोय.

प म्हणजे पाऊल.
प. एक पोतं.
प. प. प. आणखी एक.
असं किती वेळ करणार?
खूण ठेवली, दोनशे पंचावन्न झाली की थांब,
आणि सकाळचा चहा गरम करून घेतला.

थांबला. एफ एफ. घर काठोकाठ.
प.
शून्य.
शून्य, आणि बाजूला एक निशाण वर आलेलं:
हातचा एक.
पुढच्या ओळीने त्याच्याकडे पाहिलंच नाही.
दुसरीतलं पोरही
हातच्यासाठी एक बोट दुमडून ठेवतं.

म्हणजे त्या हंगामात ट्रकांवर चढली तीनशे
आणि मशीन म्हणालं, चव्वेचाळीस.
मग गोदामात कमी भरलेली दोनशे छप्पन्न
रज्जाक मुकादमाच्या पाठीवर टाकली.
एका माणसाच्या पाठीवर.
मशीन कशाला खोटं बोलेल,
असं तेव्हा सगळेच म्हणायचे.
त्याचा आकडा काढून घेतला,
लोखंडाचा, मुठीत झिजून चकचकीत झालेला.
मी सात वर्षांचा, गेटवर,
कोपरापर्यंत ओघळलेलं आईसफ्रूट चाटत.

कॅसेट उलटी घातली ती सहज,
गाणी असतील म्हणून.
गाणी नव्हती.
तोच प्रोग्रॅम, पाच बाइट जास्त.
लावून पाहिला. दोनशे पंचावन्न. प.
शून्य, निशाण,
आणि शेजारच्या घरात गुपचूप एक.

या बाजूला लेबल नाही.
मामा तर कशावरही लिहायचा,
फ्यूजच्या पेटीवर, लोणच्याच्या बरणीवर,
माझ्या मोडलेल्या हाताच्या प्लास्टरवर.
अक्षर सुरेख होतं त्याचं.

म ची आज्ञा नाही या डीबगरला.
मागे जायचं तर वीज तोडून
पुन्हा अकरा मिनिटं किर्र,
आणि तरी मामा
आठ वर्षांपूर्वी गेलेलाच असतो.

रज्जाकच्या मुलीची, मैमूनाची, खणभागात गिरणी आहे.
या महिन्यात तिसऱ्यांदा दळण घेऊन गेलो.
दोन माणसांना एवढं पीठ कशाला, बायको विचारते.
मैमूनाच्या भुवया पांढऱ्या, पिठाने,
आणि आता वयानेही असतील.
पट्टा बंद झाल्यावरच ऐकू येईल
असं काहीतरी मी बोलणार असतो,
तेवढ्यात पुढचा डबा चढतो.
ती सुटे पैसे हातावर ठेवते.
मोजून घ्या, म्हणते.
मी मोजतो.