दोन पुस्तकांचं एक बाइंडिंग

पुंजाराम आहेर उन्हातून आले.
एसटीतून निवृत्त, पण उजवा पाय अजून
ब्रेकवर ठेवल्यासारखा टाकतात.
पिशवीत दोन पुस्तकं, दोन्हींचे कणे मोडलेले.
"एकातच बांधा," म्हणाले, "रस्ता एकच आहे दोन्हींचा."
मी म्हटलं, साधं सव्वादोनशे, कापडी तीनशे.
"कापडी. खाकी असेल तर बघा."

भद्रकालीत आमचा गाळा. गाळा कसला, बोळच.
खळीत मोरचूद घालते मी, वडील घालायचे तसा;
झुरळं लांब राहतात, बोटं निळी होतात.
बांधायचं ते वाचू नये, वडील म्हणत,
वाचलं की टाका चुकतो.
मी वाचते.

पहिलं चाकापासून सुरू होतं.
ओंडका, भरीव चाक, मग आरे,
मग घाट, जकात, बैलांचे तळ,
आणि एका पानावर एकदम आमचं नाशिक:
स्टेशनापासून गावात येणारी ट्राम,
चार घोडे, धुळीतला मेन रोड.
त्याच मेन रोडवर मी दर आठवड्याला दोरा आणायला जाते.
पायाखाली एकदाही रूळ लागला नाही.

दुसरं, चालवणाऱ्याच्या डोक्याबद्दल.
माणूस स्टेअरिंगला बसला की त्याचं अंग वाढतं म्हणे,
पार पत्र्यापर्यंत. पत्रा खरचटला की त्याला झोंबतं.
समोरच्याला तोंड नसतं, नुसता नंबर.
आपला हॉर्न विनंती, मागच्याचा शिवी.
(हे कळायला पुस्तक कशाला,
संध्याकाळी सहाला द्वारकेवर उभं राहावं.)
समासात आहेरांची पेन्सिल, दाबून लिहिलेली:
"बरोबर."
"साफ चूक. हा गृहस्थ रात्रीचा कसारा उतरलेला नाही."
"नव्या पोरांना वाचून दाखवणे."

त्या रात्री लाइट गेली.
अंदाजाने फर्मे लावले, मेणबत्तीवर शिवले, दाबाखाली ठेवले,
सकाळी कडा कापल्या, आणि मग उघडून बघितलं.
ट्रामच्या घोड्यांमागून राग आवरण्याचे उपाय.
बैलगाडीच्या पुढ्यात ओव्हरटेक.
आऱ्यांचा शोध लागतो तोच झोप, डुलकी, पहाटेचे अपघात.

आणि एक पान, ज्याच्यावर मी आधी थांबले नव्हते.
दिसणं आणि पाय दाबणं, यांच्यामध्ये
पाऊण सेकंद जातो, प्रत्येकाचाच जातो.
खाली दोन रेघा, कागद फाटता फाटता राहिलेला.
समासात बरोबर नाही, चूक नाही. फक्त तारीख.
दिवस होता, महिना होता,
वर्ष माझ्या पात्याखाली गेलं होतं.
कात्रणांच्या पोत्यात तासभर हात घातला.
पोत्यात सगळ्यांचेच समास.

ते आले तेव्हा सगळं सांगून टाकलं.
उसवून देते म्हटलं, पैसे नकोत.
त्यांनी उभ्यानेच पानं उलटली,
घोड्यांपाशी हसले.
"बरंय की. घोड्याला स्वतःचे डोळे असतात,
चालवणारा डुलकला तरी तो थांबतो."
मग ते पान आलं.
कापलेल्या कडेवर अंगठा ठेवला.
"वर्ष माहीत आहे मला," म्हणाले,
आणि तीनशे मोजले, सुटे.

कुलूप लावताना टेबलाखाली एक पान दिसलं,
ट्राम बंद पडते ते शेवटचं.
पावतीवर पत्ता होता, जेल रोड.
शालिमारला बस धरली,
पुढची सीट मिळाली, पान मांडीवर.
द्वारका आली, कुणी आडवं गेलं, कुणी शिव्या दिल्या.
मी बाहेर पाहिलंच नाही.
अख्ख्या वाटेत ड्रायव्हरचा उजवा पाय बघत होते.