बोटभर फट

मांजलपूरच्या या घरात आमचा पाचवा दिवस.
गॅसला अजून नळी नाही, पडद्यांना दांड्या नाहीत
आणि एकवीस खोक्यांवर श्रीरंगचं तिरकं अक्षर:
स्वयंपाक. पुस्तकं. यामू-हिवाळा. देव.
सहा खोक्यांवर नुसतंच, इतर.

बरानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांना
उंचावर कड्या होत्या,
मी चवडे उंचावून लावायचे.
इथे दारांना गोल मुठी, चकचकीत,
आणि मुठीच्या बेंबीत एक बटण.

यामू चौदा महिन्यांची.
उभी राहते, पण धरून,
खोकं, बादली, माझ्या ओढणीचं टोक.
हात सोडला की बसते.
"चालेल की," डॉक्टर म्हणाले,
फोनवर सासूबाई म्हणाल्या,
आणि लिफ्टमध्ये ज्योत्स्नाबेन,
त्यांना तर मी विचारलंही नव्हतं.
लसीच्या कार्डात त्या ओळीपुढची जागा कोरी.

अकराच्या सुमाराला मी शेगडीवर दूध ठेवलं, वळले,
आणि आतल्या खोलीचं दार लोटलं गेलं.
टक्.

वास्तुशांतीला दूध मुद्दाम उतू घालवलं होतं.
आज ते आपणहून गेलं.

आतून आधी हसू आलं. मग काहीच नाही. मग रडं.
"बटण दाब, यामू, बटण!"
मी मूठ हलवत ओरडत होते,
आणि मग लक्षात आलं, तिनं दाबलंय.
तिच्या लेखी बटण एकच, लिफ्टचं.
दाबून ती उभी आहे.
दार आपोआप उघडायची वाट बघत.

मी आडवी झाले. गाल फरशीवर.
दाराखाली बोटभर फट,
फटीत थोडा उजेड, धूळ, एक रबरबँड,
आणि दोन पावलं.
रडं थांबलेलं.
डावं पाऊल उचललं
आणि तळव्यावरची काजळाची तीट दिसली.
लपली.
पुन्हा दिसली.
तळव्याची तीट, पाऊल जमिनीवर असताना
दिसतच नाही.
मी मोजत होते. चार वेळा.
मग धप्प, आणि फटीत लंगोटाची किनार.

ज्योत्स्नाबेन कधी आल्या कळलं नाही.
गाऊन सावरत माझ्या शेजारी पालथ्या पडल्या.
"जो, जो, चाली!"
आतून कपड्यांचा एक चिमटा सरकत बाहेर आला,
मागोमाग शब्द, "आओजो."
पाच दिवस लिफ्टमध्ये त्यांनीच शिकवलेला.

आमच्यात निघताना येते म्हणतात, त्यांच्यात आवजो.
जाण्याचं नाव दोन्हीकडे कुणी घेत नाही.
बरानपुरा सोडताना मी यातलं काहीच म्हटलं नव्हतं,
टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

किल्ल्या देवांच्या खोक्यात निघाल्या,
घंटेच्या पोटात कोंबलेल्या,
हरवू नयेत म्हणून.
दार उघडलं तेव्हा ती चिमट्यांच्या टोपलीशी बसलेली,
आमच्याकडे बघत होती
कुठला मजला आला म्हणून.

संध्याकाळी मकरपुऱ्याहून श्रीरंग आला.
"किती पावलं?"
"चार. पाचवं असेल, फटीच्या पलीकडे."
तो गुडघ्यांवर बसला, हात पसरले, टाळ्या वाजवल्या,
सेवउसळीच्या पुड्यातली शेव दाखवली.
ती रांगत आली, शेव घेतली, रांगत गेली.

जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "तू आत जा."
दार लावून घेतलं, किल्ली त्याच्या खिशात.
बाहेर फरशीवर त्याचा गाल टेकल्याचा आवाज.
"आता चाल. बघू, कसं दिसतं."
खोलीत दिवा अजून लावलेला नव्हता,
रस्त्यावरचा उजेड होता, आणि भिंतींना रंगाचा वास.
मी चप्पल काढली.
चालले.
फटीतून चार बोटं आत आली,
माझ्या पावलाच्या जागी थोपटत.